गुलामांच्या घरात जन्मलेली संपादिका : इडाबाई वेल्स



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र असावं असा आपला प्रघात आहे. तथागत, बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीमाई, शाहू महाराज यांच्यावर लिहिणारी माझ्यापेक्षा जाणकार माणसं आपल्यात आहेत. म्हणून यंदा मी सातासमुद्रापलीकडच्या एका बाईची ओळख करून द्यायचं ठरवलं. तिचं नाव इडा बेल वेल्स. मी तिला इडाबाईच म्हणणार, कारण वाचता वाचता ती मला आपल्याच वस्तीतली वाटायला लागली.

मी गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात आणि मोर्चात झालं. इडाबाईंवरची इंग्रजी पुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन आणि मुलीला विचारून विचारून वाचली. तेव्हा भाषेत काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्या. पण एक आहे, ही कथा कापसापासून सुरू होते, आणि कापूस मला कळतो.

कापसाचा मुलुख

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध झालं. दक्षिणेत मैलोन् मैल कापसाची शेतं, आणि त्यात राबायला आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या गुलामांची पोरंबाळं. युद्धामुळे तो कापूस विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गबर झाले. एवढा इतिहास आपल्याला सांगतात. ज्यांच्या पाठीवरच्या वळांतून तो अमेरिकन कापूस पिकत होता, त्यांचं पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही.

त्याच युद्धाच्या काळात, १६ जुलै १८६२ रोजी, मिसिसिपी राज्यातल्या हॉली स्प्रिंग्ज गावी इडाबाईंचा जन्म झाला. बाप जेम्स सुतार, आई लिझी स्वयंपाकीण. दोघंही गुलाम. तिकडचा कायदाच असा, की आई गुलाम असेल तर मूलही जन्मतः गुलाम. म्हणजे पाळण्यातलं लेकरू मालकाच्या मालमत्तेत मोजलं जाई. १८६५ साली युद्ध संपलं, गुलामी कायद्यानं गेली.

बाप मोठा मानी माणूस. निवडणुकीत मालक म्हणाला अमक्या पक्षाला मत दे, यानं दिलं आपल्या मनाप्रमाणे. परत येऊन बघतो तर कामाच्या जागेला कुलूप. जेम्सनं वादावादी केली नाही. गावात गेला, नवी हत्यारं विकत घेतली, वेगळं घर भाड्यानं घेतलं आणि स्वतःचा धंदा सुरू केला. आई तर मुलांबरोबर शाळेत जाऊन बसायची, स्वतः वाचायला शिकण्यासाठी. संध्याकाळी बापाचे दोस्त जमत आणि छोटी इडा त्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी. आपल्या चाळीतही एक शिकलेलं पोर वाचायचं आणि दहा म्हातारे ऐकायचे, ते आठवा. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा ही मुलगी अकरा वर्षांची होती.

१८७८ साली पिवळ्या तापाची साथ आली. आई, वडील आणि धाकटा तान्हा भाऊ गेले. इडाबाई सोळा वर्षांच्या. पाठीमागे पाच भावंडं, त्यात एक बहीण पांगळी. जातभाईंनी बैठक घेऊन मुलं वाटून घ्यायचं ठरवलं. कोपऱ्यात बसलेल्या या मुलीनं सांगितलं, माझी भावंडं वेगळी करायची नाहीत, मी कमावते. परकराची लांबी वाढवून मोठी बाई दिसेल असा वेष केला आणि खेड्यातल्या शाळेत मास्तरीण झाली. महिना पंचवीस डॉलर. आठवडाभर शिकवायचं, शुक्रवारी खेचरावर बसून घरी यायचं आणि दोन दिवस धुणं, इस्त्री, स्वयंपाक करायचा.

रेल्वेचा डबा

पुढं त्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरी आल्या. मेम्फिस म्हणजे कापसाची मोठी पेठ. १८८४ साली त्या पहिल्या वर्गाचं तिकीट काढून बायकांच्या डब्यात बसल्या. कंडक्टर म्हणाला, पुढच्या विडीकाडीच्या डब्यात जा. त्या उठेनात. त्यानं दंड धरून ओढलं तेव्हा त्याच्या हाताला कडकडून चावल्या. शेवटी दोघातिघांनी मिळून त्यांना ओढून काढलं आणि डब्यातल्या गोऱ्या बायाबाप्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी रेल्वे कंपनीवर फिर्याद केली. खालच्या कोर्टात जिंकल्या, पाचशे डॉलर भरपाई मंजूर झाली. पण १८८७ साली राज्याच्या वरिष्ठ कोर्टानं निकाल फिरवला, उलट दोनशे डॉलर खर्च यांच्यावरच बसला.

पण कोर्टात हरलेली ही केस दुसरीकडं कामाला आली. इडाबाईंनी आपली हकीगत एका चर्चच्या साप्ताहिकात लिहिली. साधी भाषा, खेड्यातल्या माणसाला कळेल अशी. लोकांना ती आवडली. ‘आयोला’ या टोपणनावानं त्यांचे लेख ठिकठिकाणच्या काळ्या लोकांच्या पत्रांत छापून येऊ लागले. १८८९ साली त्या मेम्फिसच्या एका छोट्या पत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या. पत्राचं नाव ‘फ्री स्पीच’, म्हणजे मोकळं बोलणं. १८९१ साली काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यांनी आपल्या पत्रात मांडली आणि शिक्षिकेची नोकरी गेली. मग पूर्ण वेळ हेच काम.

नोकरी गेल्यावर त्या वर्गणीदार गोळा करत गावोगाव फिरल्या. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काळे लोक आगगाडीत ‘फ्री स्पीच’ मागत, पण पुष्कळांना वाचता येत नसे आणि विकणारे पोरगे त्यांच्या हाती भलतंच पत्र ठेवत. इडाबाईंनी आपलं पत्र गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. अडाणी माणसालाही लांबून ओळखू येई, गुलाबी आहे म्हणजे आपलं आहे! मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. आपला वाचक निरक्षर आहे म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलं नाही. त्याच्या डोळ्यांना कळेल अशी खूण शोधली.

तीन दुकानदार

आता ज्या घटनेनं इडाबाईंचं आयुष्य फिरलं ती सांगतो.

मेम्फिसच्या टोकाला काळ्या वस्तीत टॉमस मॉस आणि त्याच्या मित्रांनी भागीदारीत किराणा दुकान काढलं. मॉस दिवसा टपालवाला, रात्री दुकानात. इडाबाईंचा जिवाभावाचा स्नेही, त्याच्या मुलीच्या त्या धर्ममाता. समोरच एका गोऱ्याचं जुनं दुकान होतं, त्याचं गिऱ्हाईक तुटलं. पोरांच्या गोट्यांच्या खेळावरून भांडण झालं, ते मोठ्यांत गेलं. एका रात्री साध्या वेषातली हत्यारबंद माणसं मागच्या दारानं दुकानात घुसली. आतल्यांनी गोळ्या झाडल्या, काही गोरे जखमी झाले. धरपकड झाली. ९ मार्च १८९२ च्या पहाटे जमावानं तुरुंगातून मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघांना बाहेर काढलं, रेल्वेच्या मोकळ्या जागेत नेलं आणि गोळ्या घालून मारलं.

कायदा बाजूला सारून जमावानं माणसाला असं ठार मारण्याला तिकडं लिंचिंग म्हणतात. झाडाला टांगायचं, जाळायचं, गोळ्या घालायच्या. आणि कारण बहुतेक वेळा ठरलेलं : या काळ्यानं गोऱ्या बाईच्या अब्रूला हात घातला.

इडाबाईंनी पुढं मोकळेपणानं कबूल केलं आहे, की तोवर त्यांनाही वाटायचं, हे वाईट आहे पण बाईच्या अब्रूच्या संतापापोटी घडत असावं. मॉस मेला आणि डोळे उघडले. इथं कुठली बाई होती? इथं होतं फक्त एक चालणारं दुकान. मग बाकीच्या शेकडो बातम्यांत तरी बाई होती का? या प्रश्नापासून त्यांचं खरं काम सुरू झालं.

आधी त्यांनी आपल्या पत्रातून लोकांना सांगितलं, ज्या शहरात आपल्या जिवाची किंमत नाही ते शहर सोडा. हजारो लोक पश्चिमेला ओक्लाहोमाकडं निघाले. गोऱ्यांच्या पत्रांनी उठवलं, तिकडं लोक उपाशी मरतायत. इडाबाई स्वतः ओक्लाहोमाला गेल्या, तीन आठवडे फिरल्या आणि डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं. शहरात राहिलेल्यांना त्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकायला सांगितलं. सहा आठवड्यांनी ट्राम कंपनीचे अधिकारी ‘फ्री स्पीच’च्या कचेरीत आले. काळी गिऱ्हाइकं का येत नाहीत, नव्या विजेच्या ट्रामला भितात का, असं विचारू लागले. इडाबाईंनी विचारलं, गिऱ्हाईक कधीपासून तुटलं? ते म्हणाले, सहा आठवडे झाले. बाईंनी सांगितलं, मॉसला मारून बरोबर सहाच आठवडे झालेत. हे सारं संभाषण त्यांनी पुढच्या अंकात छापून टाकलं.

मग त्या लिंचिंगच्या एकेका घटनेच्या जागी गेल्या, साक्षीदारांशी बोलल्या. अनेक ठिकाणी अत्याचार झालेलाच नव्हता. काही ठिकाणी दोघांच्या राजीखुशीचे संबंध होते, ते उघडे पडल्यावर आरोप झाला होता. २१ मे १८९२ च्या अंकात त्यांनी छोटं संपादकीय लिहिलं. आशय एवढाच, की हे जुनं कारण आता कोणाला खरं वाटत नाही, आणि गोऱ्यांनी ते फार ताणलं तर त्यांच्याच बायकांबद्दल लोक भलतं बोलू लागतील. मेम्फिस पेटलं. २७ मेच्या रात्री जमावानं कचेरी आणि छापखाना मोडून टाकला. भागीदाराला पळून जावं लागलं. इडाबाई त्या वेळी बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या. परत आलीस तर जीव घेऊ, असा निरोप आला. ‘फ्री स्पीच’ त्यानंतर पुन्हा निघालं नाही.

त्यांच्याच कागदावरून त्यांचा हिशेब

छापखाना गेला पण बाई हातपाय गाळून बसल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या ‘एज’ या काळ्या लोकांच्या पत्रानं त्यांना जागा दिली. २५ जून १८९२ ला पहिल्या पानावर सात रकाने भरून त्यांचा लेख आला. नावं, गावं, तारखा सगळं दिलेलं. त्या अंकाच्या दहा हजार प्रती काढल्या, त्यातल्या हजारभर मेम्फिसच्या रस्त्यांवर पोचवल्या. जिथून हाकललं तिथंच पत्र गेलं!

५ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या लिरिक हॉलमध्ये काळ्या स्त्रियांनी त्यांचा सत्कार केला. कार्यक्रमपत्रिका छापली ती ‘फ्री स्पीच’च्या छोट्या प्रतीसारखी. इडाबाईंना लेखणीच्या आकाराची सोन्याची पिन दिली आणि पाचशे डॉलर जमवले. भाषण वाचताना बाईंना मेम्फिस आठवलं, डोळ्यांतलं पाणी थांबेना, पण वाचणं थांबवलं नाही. त्या पैशांतून ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका निघाली. धुणीभांडी करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बायांच्या वर्गणीतून असं साहित्य छापलं जातं, हे आपल्याला नवं नाही.

आता इडाबाईंची रीत बघा. आजच्या भाषेत माध्यमांचं नियोजन म्हणतात ते त्यांनी तेव्हा केलं. त्यांना ठाऊक होतं, की काळ्या बाईनं सांगितलेलं गोऱ्यांना खरं वाटणार नाही. म्हणून त्यांनी आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रातून. शिकागोचं ‘ट्रिब्यून’ दरवर्षी लिंचिंगची यादी छापत असे. बाईंनी ती घेतली, नाव, गाव, तारीख आणि आरोप अशी मांडणी केली आणि बेरीज करून दाखवली. १८९२ या एका वर्षात २४१ माणसं मारली गेली, त्यात १६० काळी. एकूण पाहता, ज्यांच्यावर बाईच्या अब्रूचा नुसता आरोप तरी होता असे तिसऱ्या हिश्श्याइतकेच. बाकीच्यांना कशासाठी मारलं? चोरीचा संशय, उलटून बोलणं, भांडण, आणि काहींना कशासाठीच नाही. १८९५ साली ‘अ रेड रेकॉर्ड’ या मोठ्या पुस्तिकेत त्यांनी हे सगळं सविस्तर दिलं. आकडा खोटा म्हणायचा तर गोऱ्यांना आपलंच वर्तमानपत्र खोटं म्हणावं लागे.

१८९३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. अनागारिक धम्मपाल ज्या सर्वधर्म परिषदेला गेले ती याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेली. प्रदर्शनात काळ्या लोकांना मानाची जागा नव्हती. हैती हा काळ्या लोकांचा स्वतंत्र देश, त्याचा मांडव फ्रेडरिक डग्लस या थोर, एके काळी गुलाम असलेल्या पुढाऱ्याकडं होता. इडाबाई रोज त्या मांडवात बसत आणि आम्ही या प्रदर्शनात का नाही, हे सांगणारी पुस्तिका परदेशी पाहुण्यांच्या हातात देत. दहा हजार प्रती छापलेल्या, प्रस्तावना इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन भाषेतही. जग दारात आलंय तर जगाला सांगायचं, हा हिशेब.

‘अँटी-कास्ट’ नावाचं मासिक

इंग्लंडात कॅथरिन इम्पी नावाची एक गोरी बाई १८८८ पासून एक छोटं मासिक काढत होती. त्याचं नाव ‘अँटी-कास्ट’. म्हणजे जातिविरोधी! वर्णावरून माणसाला खाली दाबणं ही जातच आहे, असं त्या मासिकाचं म्हणणं. हे नाव वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो. या इम्पीबाई आणि त्यांच्या मैत्रिणीनं इडाबाईंना इंग्लंडात बोलावलं. १८९३ आणि १८९४ अशा दोन वेळा त्या गेल्या, गावोगाव बोलल्या.

इंग्लंडच का? कारण कापूस! मेम्फिसच्या पेठेतला माल लँकेशायरच्या गिरण्यांत जाई. मेम्फिसचा व्यापारी काळ्या माणसाच्या शापाला भीत नव्हता, पण विलायतेतल्या गिऱ्हाइकापुढं अब्रू जाण्याला भीत होता. दुसऱ्या फेरीत इडाबाई शिकागोच्या ‘इंटर ओशन’ या गोऱ्यांच्या मालकीच्या दैनिकाला बातमीपत्रं पाठवत. म्हणजे इंग्लंडात जे बोलत ते अमेरिकेतल्या गोऱ्यांना सकाळी चहाबरोबर वाचायला लागे. मेम्फिसच्या पत्रांनी त्यांच्या चारित्र्यावर घाण उडवली आणि ते अंक इंग्लंडला धाडले. परिणाम उलटा झाला. विलायतेतल्या एका दैनिकानं तर सांगितलं, की हा मजकूर आमच्या पत्रात छापण्याच्या लायकीचा नाही. लंडनमध्ये लिंचिंगविरोधी समिती स्थापन झाली.

त्याच १८९४ च्या उन्हाळ्याअखेरीस मेम्फिसजवळ सहा काळ्या कैद्यांना मारलं गेलं. या वेळी मात्र शहरातल्या व्यापाऱ्यांनी सभा घेऊन निषेध केला, विधवांसाठी पैसे जमवले, काहींना अटक झाली. आरोपी शेवटी सुटले. पण दोन वर्षांपूर्वी तिघांच्या खुनाबद्दल अटकसुद्धा झाली नव्हती. ते शहर एकाएकी सज्जन झालं नव्हतं. लाज धंद्याला लागली होती. आपले बाबासाहेब १९३० साली गोलमेज परिषदेत आपलं दुःख लंडनमध्ये मांडतात, त्यामागंही घरातला जुलूम चव्हाट्यावर आणण्याचा असाच विचार दिसतो.

संसार आणि लढा

१८९५ साली शिकागोचे वकील आणि संपादक फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांनी लग्न केलं. आपलं वेल्स हे नाव सोडलं नाही, दोन्ही आडनावं लावली. चार मुलं झाली. तान्हं मूल कडेवर घेऊन त्या सभांना जात. पण दमतही. १९०९ साली इलिनॉय राज्यातल्या कैरो गावी जमावानं एका काळ्या माणसाला मारलं. कैदी जमावाच्या हाती जाऊ देणारा शेरीफ पदावरून जाईल असा त्या राज्यात कायदा होता, आणि तो शेरीफ पद परत मागत होता. नवरा म्हणाला, तू जा. बाई म्हणाल्या, दर वेळी मीच का? मला टोमणेच ऐकावे लागतात. आणि मुलाला झोपवता झोपवता झोपी गेल्या. थोरला मुलगा चार्ल्स आला, आईला उठवलं आणि म्हणाला, आई, तू गेली नाहीस तर कोण जाणार? दुसऱ्या दिवशी त्या गाडीत बसल्या. गावात जाऊन सह्या, पुरावे गोळा केले आणि वकील नसताना राज्यपालासमोर बाजू मांडली. शेरीफला पद परत मिळालं नाही.

आपल्या माणसांनीही त्यांना सुखानं राहू दिलं नाही हेही सांगायला हवं. १९०९ सालीच काळ्या लोकांच्या हक्कांसाठी मोठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या चाळीस जणांच्या यादीतून लिंचिंगविरुद्ध सर्वांत जास्त झटलेल्या बाईंचंच नाव गळलं! मागाहून घातलं, पण घाव राहिला. १९१३ साली वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकाराचा मोर्चा निघाला, तेव्हा गोऱ्या पुढारणी म्हणाल्या, काळ्या बायकांनी मागच्या बाजूला चालावं. इडाबाई गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी आली तशी मधेच शिरून तिच्याबरोबर चालू लागल्या.

१९१७ साली ह्यूस्टन शहरातल्या दंगलीनंतर १३ काळ्या शिपायांना लष्करानं अपील न होऊ देता फाशी दिलं. इडाबाईंनी त्यांच्या स्मरणार्थ बिल्ले काढले. सरकारी गुप्त पोलीस घरी आले, राजद्रोह होईल म्हणाले. बाईंनी बिल्ले वाटणं थांबवलं नाही. २०२३ साली अमेरिकन लष्करानंच त्या प्रकरणातल्या ११० शिपायांच्या शिक्षा रद्द केल्या. बाई १०६ वर्षं आधी बरोबर होत्या.

शेवटची गोष्ट पुन्हा कापसाचीच. १९१९ साली आर्कान्सा राज्यात एलेन गावाजवळच्या काळ्या कुळांनी कापसाला रास्त भाव मिळावा म्हणून संघटना बांधली. चर्चमध्ये त्यांची बैठक चालू असताना गोळीबार झाला, आणि नंतर त्या भागात काळ्यांची कत्तल झाली. वर बारा काळ्यांनाच फाशीची शिक्षा. मेम्फिस सुटल्यावर जवळजवळ तीस वर्षं इडाबाई दक्षिणेत गेल्या नव्हत्या. आता वय साठीकडं झुकलेलं. कैद्यांच्या बायकांबरोबर, त्यांचीच नातेवाईक बनून त्या तुरुंगात शिरल्या. कैदी मरणाची, स्वर्गाची गाणी म्हणत होते. बाईंनी त्यांना सांगितलं, मरणाचं बोलू नका, सुटकेची आशा धरा. मग एकेकाला विचारलं : एकर किती, गाठी किती, काय काय लुटून नेलं? तो हिशेब १९२० साली पुस्तिकेत छापला. त्याच साली ३१ जानेवारीला इकडं बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. पुढं वकिलांनी लढून १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळवला आणि १९२५ पर्यंत बाराही जण सुटले. त्यातला एक जण शिकागोला बाईंचं घर शोधत आभार मानायला आला होता.

२५ मार्च १९३१ रोजी इडाबाई गेल्या. आत्मचरित्र लिहीत होत्या, ते एका वाक्यात अर्धवटच राहिलं. लेक अल्फ्रेडा हिनं १९७० साली ते छापून आणलं. २०२० साली पत्रकारितेचा पुलित्झर सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. २०२१ साली मेम्फिसमध्येच त्यांचा पुतळा उभा राहिला. आणि लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा? तो २९ मार्च २०२२ ला झाला, त्यांच्या मृत्यूनंतर ९१ वर्षांनी.

आपली नोंदवही

आता हे मी तुम्हाला का सांगितलं ते बोलतो.

माझ्या तरुणपणी आमच्या गावाकडं जयंतीच्या मिरवणुकीवरून वस्तीवर दगडफेक झाली, दोन घरं जळाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या : दोन गटांत हाणामारी. आम्ही शहरातून पंचवीस-तीस जण गेलो. घोषणा दिल्या, निवेदन दिलं, आणि सकाळची पाळी चुकू नये म्हणून रात्रीच्या एसटीनं परत आलो. कोणी काय बघितलं, किती वाजता, कोणाचं नाव, हे आमच्यापैकी एकानंही लिहून घेतलं नाही. मीही नाही, आणि माझ्या खिशात पेन होतं. केस उभी राहायला तीन वर्षं गेली. साक्षीदार कोर्टात तारखा विसरले, आरोपी सुटले. त्या दिवसाचा कागद म्हणून आज फक्त त्या चार ओळी शिल्लक आहेत, आणि त्या खोट्या आहेत.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. तेव्हाही सुरुवातीला अनैतिक संबंधाची कुजबुज बातम्यांत आलीच. इडाबाईंनी १८९२ साली उघडं पाडलेलं तेच जुनं कारण! कार्यकर्ते गावात गेले, विचारपूस करून अहवाल लिहिले, तेव्हा महिन्याभरानं खरं बाहेर आलं.

घोषणा आपल्याला येतात, त्यात आपण कमी नाही. घोषणा हवेत जाते, लिहिलेलं कोर्टात जातं. म्हणून माझी विहाराच्या कमिटीला नम्र विनंती आहे. या वर्धापनदिनापासून विहारात एक जाड बांधणीची नोंदवही ठेवावी. कुठंही आपल्या माणसावर अन्याय झाला की शिकलेल्या दोन मुलामुलींनी तिथं जावं. तारीख, वेळ, गाव, नाव, कोणी बघितलं, किती नुकसान झालं आणि वर्तमानपत्रात काय छापून आलं ते कात्रणासह लिहून ठेवावं. फुगवून लिहू नये, कमीही करू नये.

पहिली वही मी माझ्या पैशानं आणून ठेवतो. कव्हर गुलाबी बघून आणीन, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या उपासिकांनाही लांबून कळेल, ही आपली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!